‘कुली’ कुणाचा?



या व्यासपीठावर आपण विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते गोदामातल्या पोत्यांवर आणि गावच्या वाचनालयाच्या बाकावर झाले. चालकांनी आमंत्रण दिले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा बोनसवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही म्हटले, आम्हाला एका शब्दावर बोलायचे आहे. दोन अक्षरांचा शब्द आहे, आणि त्याचे आमच्याकडे जुने देणे आहे. ते कसे, ते आधी सांगतो.

१९९० च्या सुमारास आम्ही एका मालवाहतुकीच्या गोदामात हमाली करीत होतो. गोदामाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या हजेरीपुस्तकात दिवाणजी, कारकून, पहारेकरी या सर्वांची नावे आडनावांसह लिहिलेली असत. शेवटी एकच ओळ असे : ‘कुली – १४’. आमच्यासारख्या चौदा जणांचा सारा हिशेब एवढाच. एके दिवशी पोत्यांची थप्पी कोसळली आणि आमच्या एका सोबत्याची पाठ कायमची गेली. आम्ही दोघे-तिघे भरपाई मागायला गेलो. दिवाणजींनी पुस्तक उघडून आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “बघा, या नावाचा माणूस आमच्याकडे नाहीच. कुली चौदा आहेत. त्यांतला कोण, ते आम्हाला काय ठाऊक? तो मुकादमाचा माणूस, मुकादमाला विचारा.” मुकादम म्हणाला, “मी फक्त माणसे आणून देतो, काम शेठचे.” आमचा सोबती गावी परत गेला. आम्ही वर्गणी काढून जे जमले ते पाठवले. मालकाकडून पैसाही मिळाला नाही.

त्या दिवशी आम्हाला कळले की मनुष्य पोत्याखाली सापडण्याआधी एका शब्दाखाली सापडलेला असतो.

पुढे आम्ही संघटनेच्या कामाला लागलो. कुठेतरी वाचनात आले की तुर्की भाषेत ‘कुल’ म्हणजे गुलाम. आम्हाला आनंद झाला. गोदामाच्या फाटकावरच्या सभेत आम्ही गर्जून सांगितले की ‘कुली’ हा तुर्की शब्द आहे, त्याचा अर्थ गुलाम, आणि आजपासून ही शिवी आम्ही ऐकून घेणार नाही! टाळ्या खूप पडल्या. सभा संपल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक तमिळभाषक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, “भाऊ, आमच्या भाषेत कूली म्हणजे मजुरी. माझा बाप रोज संध्याकाळी मालकाकडे कूली मागायचा. तो काय गुलामी मागत होता?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाचनालयात बसू लागलो. जे सापडले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम तुर्कांचा ‘कुल’ पाहू. हा शब्द फार जुना आहे. आजच्या मंगोलिया देशात ओरखोन नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात आठव्या शतकातले दगडी स्तंभ उभे आहेत. १८९३ साली विल्हेल्म थॉमसन या डॅनिश पंडिताने त्यांवरची लिपी उलगडली, तेव्हा ती तुर्की भाषेतील सर्वांत जुन्या लेखांपैकी निघाली. इ. स. ७३२ च्या लेखात तिथल्या राजाने आपल्या लोकांना खडसावले आहे. आपसांत फूट पडली म्हणून तुर्क चीनच्या सम्राटाच्या अंमलाखाली गेले, आणि ज्यांनी सरदार व्हायचे ते मुलगे ‘कुल’ झाले, चांगल्या घरच्या मुली ‘कुंग’, म्हणजे दासी, झाल्या, असे त्याचे दुःख आहे. तेव्हा ‘कुल’ म्हणजे दास हे साडेबाराशे वर्षांहून जुने आहे. तुर्कस्तानात आजही ‘कुल’ म्हणतात. अझरबैजानी, उझबेक, कझाक, किरगिझ या भाषांतही थोड्या उच्चारभेदाने हाच शब्द आहे. तुर्कमेन लोक त्याला ‘गुल’ म्हणतात. फारसीतल्या फुलाशी त्याचा संबंध नाही.

आता या ‘कुल’चा ‘कुली’ कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. तुर्की व्याकरणात ‘अमक्याचा तमका’ असे म्हणायचे असले की दुसऱ्या शब्दाला एक छोटा प्रत्यय लागतो, आणि त्याचा अर्थ ‘त्याचा’. ‘अली कुली’ म्हणजे ‘अली, त्याचा दास’. हा प्रत्यय कुठे ‘ई’ असतो, कुठे ‘उ’. म्हणजे तुर्की ‘कुली’ हा शब्द एकटा उभाच राहू शकत नाही. कुणाचा तरी कुली, असेच म्हणावे लागते. त्या एका ‘ई’मध्ये धनी बसलेला आहे. दिवाणजींनी आम्हाला विचारले होते तेच ही ‘ई’ विचारते : हा माणूस कुणाचा?

हे नाव आपल्या दक्षिणेतही येऊन गेले आहे. गोवळकोंड्याच्या राज्याचा संस्थापक सुलतान कुली हा इराणातल्या हमदानकडून आलेला, काराकोयुनलू म्हणजे ‘काळ्या मेंढ्यांवाले’ या तुर्कमान घराण्यातला. ज्याने १५९१ साली हैदराबाद शहर वसवले आणि दख्खनी भाषेत कविता लिहिल्या, तो मुहंमद कुली कुतुबशहा म्हणजे ‘मुहंमदाचा दास’. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना इथल्या जमीनमहसुलाची नवी घडी बसवणारा दिवाण मुर्शिद कुली खान. तुर्कमेन लोकांचा अठराव्या शतकातला थोर कवी मख्तुमकुली. अझरबैजानात आज ‘कुलियेव्ह’ आडनावाची किती तरी माणसे आहेत; त्या आडनावातही हाच कुली आहे.

आपण म्हणाल, राजांनी आणि कवींनी आपले नाव ‘दास’ कसे ठेवले? यात आपल्याला नवल वाटू नये. आपल्याकडे रामदास आहेत, तुलसीदास आहेत. अरबीत अब्दुल्ला आहे. रामाचा दास, अल्लाचा दास, अलीचा दास. अशा नावात लाचारी नसते. मी देवाचा दास आहे, म्हणून माणसांपैकी कुणाचा नाही, असा त्यात एक ताठा असतो.

परंतु नाव आणि वागणूक यांत अंतर पडते, हेही इतिहास सांगतो. मध्य आशियातील खिवा येथे १८२५ पासून अल्ला कुली खान राज्य करीत होता. नाव ‘अल्लाचा दास’, आणि त्याच्या राजधानीत माणसांचा बाजार भरत असे. इराणातून आणि रशियातून पकडून आणलेली माणसे तिथे विकली जात. १८७३ साली रशियन फौजेने खिवा घेतले, तेव्हा तिथली गुलामगिरी रद्द झाल्याचे जाहीर झाले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक ओळखीचे आहे. १७३९ साली दिल्ली लुटणारा नादिरशहा पूर्वी इराणच्या तहमास्प या राजाचा सेनापती होता. त्या वेळी त्याने किताब घेतला तो ‘तहमास्प कुली’, म्हणजे ‘तहमास्पाचा दास’. १७३२ साली याच दासाने धन्याला गादीवरून उतरवले आणि १७३६ साली तो स्वतः शहा झाला. तेव्हा जो स्वतःला आपला दास म्हणवतो, त्याच्यावर किती विसंबायचे, हे धन्यांनीच ठरवावे!

याहून मोठी गोष्ट उस्मानी तुर्कांची आहे. त्यांच्या सुलतानाची खडी फौज आणि दरबारातले मोठमोठे अधिकारी यांना ‘कापिकुलु’ म्हणत. ‘कापि’ म्हणजे दार. कापिकुलु म्हणजे दाराचे दास. बाल्कन प्रदेशातल्या ख्रिस्ती घरांतून लहान मुले सक्तीने उचलायची, त्यांना मुसलमान करायचे, शिकवायचे, आणि त्यांतून जानिसारी शिपाई आणि वजीर तयार करायचे, अशी ती पद्धत होती. यांतले काही साम्राज्याचे मुख्य वजीर झाले. परंतु वजीर झाला तरी तो कुलच. सुलतानाने मनात आणले तर त्याचे डोकेही जाई आणि मालमत्ताही जाई.

पण या दाराच्या दासांना पगार होता आणि तो चांदीच्या नाण्यांत मिळे. १५८९ साली सरकारने नाण्यांतली चांदी कमी करून पगार वाटला. आकडा तोच, नाणे मात्र खोटे. जानिसाऱ्यांनी ते ओळखले आणि राजवाड्यावर चाल करून जबाबदार अधिकाऱ्यांची डोकी मागितली. सुलतानाला ती द्यावी लागली. महागाई वाढते आणि पगाराचा आकडा मात्र तोच राहतो, या गोष्टीची कामगाराला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. आणखी एक रीत त्यांच्यात होती. सुलतानाचे अन्न ज्या मोठ्या कढईत शिजे, ती कढई ते उलथी करीत. अर्थ असा की आता तुझे अन्न आम्हाला नको. तुर्की भाषेत ‘कढई उचलणे’ म्हणजे बंड करणे, हा वाक्प्रचार अजून आहे. या शिपायांना आम्ही कामगार म्हणत नाही. त्यांनी शहरातल्या गरिबांनाही पुष्कळ छळले, आणि १८२६ साली सुलतान महमूदने ती फौज रक्तपात करून मोडली. पण ज्याला दास म्हटले तोही आपल्या मजुरीचा हिशेब करतोच, एवढे यातून घ्यावे.

इथवर आम्ही वाचले तेव्हा आमच्या फाटकावरच्या भाषणाला आधार मिळाला असे आम्हाला वाटले. पण तमिळ गृहस्थांचा प्रश्न होता तिथेच होता. तुर्की ‘कुली’ आणि स्टेशनवरचा ‘कुली’ हे एकच कशावरून?

शब्दांच्या बाबतीत कान फार फसवतो. एक उदाहरण घ्या. किरगिझ देशात ‘इसिक-कुल’ नावाचे प्रसिद्ध सरोवर आहे. ते काही गुलामांचे सरोवर नव्हे. तिथला ‘कुल’ खरे तर ‘क्योल’ आहे आणि त्याचा अर्थ सरोवर. ‘इसिक-कुल’ म्हणजे उष्ण सरोवर. रशियन लिखाणातून आपल्याकडे येताना त्याचा ‘कुल’ झाला. त्याच तुर्की भाषांत ‘क्युल’ म्हणजे राख, आणि ‘कोल’ म्हणजे बाहू. एका स्वराच्या फरकाने दासाचा बाहू होतो आणि बाहूची राख होते.

आता आपल्या घरातले उदाहरण. शेतकऱ्याच्या घरी ‘कूळ’ हा शब्द आहे. दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आपल्या थोरांच्या तोंडून आपण ऐकला आहे. सावकाराच्या वहीतला ऋणकोही कूळच. तेव्हा एखादा उत्साही माणूस म्हणेल, पाहा, तुर्की कुल म्हणजे दास आणि मराठी कूळ म्हणजे जमीनदाराचा बांधील, दोन्ही एकच! आम्हीही एके काळी म्हटलेच असते. पण आपला कूळ संस्कृत ‘कुल’ म्हणजे घराणे या शब्दातून आला. दप्तरात एकेका घराण्याच्या, एकेका कुटुंबाच्या नावावर सारा लिहायचा. म्हणून सारा देणारा तो कूळ. आवाज सारखा असला तरी रक्ताचे नाते नाही.

मग हमालाला म्हणतात तो ‘कुली’ कुठला? १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा मोठा कोश छापला. तेव्हापासून पंडितांपुढे मुख्य मते दोन आहेत. एक असे की गुजरातेतील कोळी या जमातीच्या नावावरून हा शब्द पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या तोंडी बसला. बंदरावर मिळेल ते काम करणारा तो कोळी, म्हणून पुढे कुठलाही मजूर कोळी. दुसरे असे की तमिळ, कन्नड, तेलुगू या भाषांत ‘कूली’ म्हणजे मजुरी. त्यावरून मजुरी घेणारा तो कुली. दोन्ही धागे एकमेकांत गुंतले असावेत, असेही अनेकांना वाटते. तुर्की ‘कुल’ त्याच्या शेजारी कानाला सारखा लागतो, एवढेच.

म्हणजे फाटकावर आम्ही सांगितले ते चूक होते, आणि ते तमिळ गृहस्थ बरोबर होते. आम्ही पुढच्या सभेत तसे सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत. पण त्या चुकीतून आम्हाला जे मिळाले ते टाळ्यांहून मोलाचे आहे. तमिळमध्ये मजुराला नुसते ‘कूली’ म्हणत नाहीत. ‘कूलियाळ’ म्हणतात. ‘आळ’ म्हणजे माणूस. कूलियाळ म्हणजे मजुरीवर काम करणारा माणूस. तमिळ उगमाचे मत खरे धरले, तर साहेबाच्या तोंडी त्यातला माणूस गळाला आणि नुसती मजुरी उरली. आमच्या हजेरीपुस्तकात तरी दुसरे काय झाले होते? चौदा मजुऱ्या लिहिल्या होत्या. माणूस एकही नव्हता.

हे आमच्या एका गोदामात झाले असे नाही, सबंध जगात झाले. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तो पुढच्या वर्षी अमलात आला. उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवेच होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे मॉरिशसला जाऊ लागली. पुढे गयाना, त्रिनिदाद, १८६० पासून नाताळ, १८७९ पासून फिजी. ‘अॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले आणि त्यावर अंगठा देणारा गिरमिट्या झाला. मळेवाल्यांच्या कागदांत मात्र या सर्वांना एकच नाव होते : कुली. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात ते ज्या धक्क्यावर उतरत त्याला ‘कुली घाट’ म्हणत. मुंबई बंदरातूनही जहाजे गेली. त्यांतून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून नांदत आहेत. दक्षिण आफ्रिकेत तर हिंदी माणूस वकील असला तरी त्याला ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. हा अनुभव गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदवला आहे. तिथे हा शब्द आजही शिवीच मानला जातो. चिनी लोकांनी हाच शब्द ‘कु-ली’ असा लिहिला. त्यासाठी त्यांनी जी दोन चिन्हे निवडली त्यांचा अर्थ ‘कडू’ आणि ‘बळ’. ज्यांची लाखो माणसे याच नावाखाली परदेशी गेली, त्यांनी त्या नावाची चव लिहून ठेवली.

तेव्हा शब्द जन्मला मजुरीच्या घरी, किंवा एका कष्टाळू जमातीच्या घरी. पण वागवला गेला तो तुर्की कुलासारखा. ज्यांनी तो वापरला त्यांना तुर्की येत नव्हते, तरी ती ‘ई’ त्यांनी बरोबर लावली : कुणाचा माणूस? मळेवाल्याचा, मुकादमाचा, ठेकेदाराचा.

आणि गंमत अशी की तिकडे खुद्द तुर्की भाषेत ‘कुल’ दुसऱ्या वाटेने चालत राहिला. विकत घेतलेल्या गुलामाला तिथे आता ‘क्योले’ म्हणतात. ‘कुल’ म्हणजे देवाचा दास, आणि देवाचे दास तर सगळेच. म्हणून ‘कुल’ म्हणजे माणूस. त्यातून ‘कुल हक्कि’ असा शब्दप्रयोग झाला. हक्क म्हणजे आपलाच हक्क. कुल हक्कि म्हणजे एका माणसाचे दुसऱ्यावर असलेले देणे. कुणाची मजुरी बुडवली, कुणाचे वजन मारले, कुणावर खोटा आळ घेतला, तर ते कुल हक्कि. नमाज चुकला तर देव क्षमा करील. पण कुल हक्कि देव माफ करीत नाही. ज्याचे बुडवले त्यानेच माफ केले पाहिजे. आपल्याकडचे मुसलमान हेच ‘हुकूकुल इबाद’ या अरबी शब्दांनी सांगतात, म्हणजे बंद्यांचे हक्क. आमच्या टोळीतले एक जुने हमालचाचा आम्हाला हे समजावून सांगत, तेव्हा आम्ही तरुणपणाच्या तोऱ्यात ऐकून सोडून दिले. आज वाटते, कामगार कायद्याचे पहिले कलम ते आम्हाला तोंडी सांगत होते.

आणि तुर्कस्तानातला आजचा कामगार? त्याला कुल म्हणत नाहीत. ‘इश’ म्हणजे काम, ‘इशची’ म्हणजे काम करणारा. हा ‘ची’ आपल्या घरचाच आहे : मशालची, खजिनची, तोफची. १९५२ साली तिथे कामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला, त्याचे नाव ‘तुर्क-इश’; आणि १९६३ साली तिथल्या कामगाराला संपाचा आणि सामुदायिक कराराचा कायदा मिळाला. ‘ई’च्या जागी ‘ची’ आला. एकात धनी होता, दुसऱ्यात काम आहे.

आपल्याकडे १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यात ‘कुली’ नाही. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी, हे आपले शब्द. ओझे वाहतो तो हमाल, हा अरबीतून आलेला. दोन्ही शब्द काम सांगतात, धनी सांगत नाहीत. त्या कायद्याने मंडळ नेमले आणि मंडळाच्या वहीत कामगाराची नोंद झाली. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात स्टेशनवरच्या कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हणावे असे जाहीर झाले. आम्हाला ते आवडले. मात्र नाव बदलले म्हणजे काम झाले, असे समजू नये. ‘सहायक – १४’ असेही हजेरीपुस्तकात लिहिता येते.

म्हणून आमच्या संघटनेची पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. हजेरीपुस्तकात प्रत्येकाचे नाव लिहा, ही होती. दिवाणजी हसले आणि म्हणाले, “नावात काय आहे?” आम्ही म्हटले, “दिवाणजी, आमच्या सोबत्याची पाठ आहे.” आठ महिने लागले. मग एका सकाळी त्या पुस्तकात चौदा ओळी झाल्या. आमच्यातल्या काहींना वाचता येत नव्हते. त्यांनी दुसऱ्याकडून आपली ओळ कुठली ते दाखवून घेतले आणि तिच्यावर बोट ठेवून पाहिले. मॉरिशसच्या कुली घाटाला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारशात मोडतो. तिथे उतरलेल्यांचे नाव, बापाचे नाव, गाव हे सारे नोंदलेले असल्यामुळे त्यांची पणतवंडे आपले मूळ शोधू शकतात. लिहिलेल्या नावाची किंमत कधी कधी शंभर वर्षांनी कळते.

आता आपल्याकडे एक मागणे आहे आणि ते फार लहान आहे. उद्या आपण स्टेशनवर उतराल, बाजारात जाल, घर बदलताना माणसे बोलवाल. ओझे उचलणाऱ्याला हाक मारण्याआधी त्याचे नाव विचारा. आणि काम झाल्यावर जी मजुरी ठरली असेल ती पुरी द्या. ती त्याची कूली आहे आणि आपल्यावरचे कुल हक्कि आहे. ते माफ करण्याचा अधिकार फक्त त्याचा आहे.